वाटलेली, तरी सामाईक : बहुप्रक्रियक संगणकाची स्मृती आणि मराठी परिभाषा

प्रश्न कुठून आला

साहित्याच्या प्राध्यापकाने संगणकाच्या रचनेवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. या लेखाचे निमित्त आमच्या वर्गात घडले. लामत्याच्या आसपासच्या गावांतून येणारी आमची मुले घरी मराठी, पोवारी किंवा गोंडी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात आणि विज्ञान शाखेत गेली की पुस्तके इंग्रजीत वाचतात. असाच एक विद्यार्थी संगणकशास्त्राचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. ‘डिस्ट्रिब्यूटेड शेअर्ड मेमरी’ या धड्याच्या नावावर बोट ठेवून तो म्हणाला, “सर, डिस्ट्रिब्यूटेड म्हणजे वाटलेली आणि शेअर्ड म्हणजे सामाईक. मग वाटणी झाली की नाही झाली?”

शेतकऱ्याच्या मुलालाच सुचावा असा हा प्रश्न आहे. त्याच्या अनुभवात वाटणी झाली की सामाईक संपते. मला लगेच उत्तर देता आले नाही. परिभाषाकोशांतून ‘वितरित सामायिक स्मृती’ असा प्रतिशब्द सहज बनवता येतो, पण तो पाठ केल्याने विद्यार्थ्याची अडचण सुटत नाही. शब्द मराठीत आला, अर्थ बाहेरच राहिला, अशी ही अवस्था आहे. म्हणून मी आधी विषय समजून घेतला आणि मग शब्दांकडे वळलो. प्रस्तुत लेखात तोच क्रम ठेवला आहे.

स्मृती, प्रक्रियक आणि नक्कल

संगणकात आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रक्रियक. ज्या माहितीवर तो काम करतो ती स्मृतीत असते. स्मृतीतील प्रत्येक जागेला क्रमांक असतो, त्याला पत्ता म्हणतात. हवामानाचा अंदाज किंवा धरणाच्या भिंतीवरील ताण यांसारखी मोठी गणिते एकट्या प्रक्रियकाला वेळेत उरकत नाहीत, म्हणून अनेक प्रक्रियक एकत्र जोडतात. अशा यंत्राला बहुप्रक्रियक संगणक म्हणतात.

सर्वांनी मिळून एकच स्मृती वापरावी, ही सर्वांत सोपी मांडणी. परंतु एका विहिरीवर दोन-चार घरे पाणी भरू शकतात, सबंध गाव आले तर रांग लागते. चार-आठ प्रक्रियकांपर्यंत एक सामाईक स्मृती पुरते, शंभर झाले की बहुतेकांचा वेळ वाट पाहण्यातच जातो. यावर उपाय म्हणून स्मृतीचे तुकडे करून प्रत्येक प्रक्रियकाशेजारी एकेक तुकडा ठेवला जातो. प्रक्रियक आणि त्याच्या शेजारचा तुकडा मिळून एक नोड होतो आणि सारे नोड एका जाळ्याने जोडलेले असतात.

येथे विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सुटतो. वाटणी झाली आहे, पण ती जागेची आहे. पत्त्यांचे क्रमांक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ठेवता येतात. कोणत्याही प्रक्रियकाने कोणताही पत्ता सांगावा आणि यंत्राने तो शेजारच्या तुकड्यात आहे की दूरच्या, हे आपले आपण शोधून आणून द्यावे. कार्यक्रम लिहिणाऱ्याला सारी स्मृती एकच दिसते. आपल्याकडे अनेक घरांत खाते सामाईक आणि वहिवाट वेगळी असते. कागदावर एक, शेतावर निरनिराळे. या संगणकाचेही तसेच आहे.

मात्र दूरच्या तुकड्यातून माहिती आणायला वेळ लागतो. म्हणून प्रक्रियक एकदा आणलेल्या माहितीची नक्कल स्वतःजवळच्या छोट्या, वेगवान साठ्यात ठेवतो. त्याला कॅश म्हणतात. वर्गात हा शब्द उच्चारला की मुलांना रोख रक्कम आठवते. खरी अडचण या नकलेपासून सुरू होते.

जुन्या नकलेची अडचण

ही अडचण मी घरात अनुभवली आहे. आजोबांच्या पश्चात शेताची वाटणी झाली आणि नामांतरणही झाले. काकांच्या पेटीत मात्र त्याआधी काढलेली खसऱ्याची नक्कल राहून गेली. काही वर्षांनी कर्जाच्या कामासाठी त्यांनी ती बाहेर काढली, वडिलांनी नवी नक्कल पुढे केली. दोन्हींवर शिक्का, दोन्हींवर सही. दोन महिने भाऊ भावाशी बोलत नव्हता. कार्यालयाची त्यात काही चूक नव्हती, तेथील मूळ नोंद बरोबर होती. काकाही खोटे बोलत नव्हते, त्यांची नक्कल ज्या दिवशी काढली त्या दिवशी खरीच होती. दोष एवढाच की मूळ नोंद बदलली, तेव्हा आधी दिलेल्या नकला परत मागवण्याची सोय नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार पाठभेदाच्या रूपाने परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती ठिकठिकाणी गेल्या, नकलांवरून नकला होत गेल्या. अखेर संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पाठ शुद्ध करून घेतला. तेथे प्रती तीन शतके स्वतंत्रपणे वाढल्या आणि शुद्धीचे काम शेवटी झाले. संगणकाला ही सवलत नाही. एका प्रक्रियकाने बँकेतील शिल्लक बदलली आणि दुसरा जुन्या नकलेवरून पैसे देत राहिला, तर पुढे कोणी पाठ शुद्ध करून उपयोग नाही. प्रत्येक बदलाच्या वेळीच नकलांचा बंदोबस्त व्हावा लागतो आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या मदतीशिवाय तो यंत्रानेच करायचा असतो. हा बंदोबस्त तारा, चिप आणि मंडले यांच्या पातळीवर कसा करावा, यावर १९८० नंतरच्या दशकात आणि विशेषतः १९९०च्या सुमारास पुष्कळ काम झाले. बेलग्रेडचे प्रोटिच, टोमाशेविच आणि मिलुतिनोविच यांनी १९९६ मध्ये या कामाचा आढावा घेताना यंत्रपातळीवरील रचनांचे तीन गट मानले. येथे तेच तीन गट घेतले आहेत. त्याआधी पुण्याने निवडलेला वेगळा मार्ग पाहू.

पुण्याचा मार्ग : परम ८०००

१९८०च्या दशकात भारताला हवे तेवढे शक्तिशाली महासंगणक अमेरिकेकडून मिळाले नाहीत. मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते. ते अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. १९९१ मध्ये या संस्थेने ‘परम ८०००’ उभा केला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रक्रियक होते. ट्रान्सप्युटरचा विशेष असा की शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या त्या चिपमध्येच दिलेल्या असत. त्यामुळे बाजारात मिळणारे प्रक्रियक एकमेकांना जोडून मोठे यंत्र बांधता येत होते.

परम ८०००मध्येही स्मृती वाटलेली होती, पण ती सामाईक नव्हती. एका नोडला दुसऱ्याच्या स्मृतीतला पत्ता वाचता येत नसे. काही हवे असेल तर संदेश पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. ही पूर्ण वाटणी झाली, खाते वेगळे आणि वहिवाटही वेगळी. तिचा लाभ उघड आहे. यंत्राला कोणाच्या नकला सांभाळाव्या लागत नाहीत, रचना साधी राहते आणि नोड वाढवणे सोपे जाते. किंमत मोजतो तो कार्यक्रम लिहिणारा. कोणती माहिती कोणाजवळ आहे, ती केव्हा पाठवायची, कोण वाट पाहत आहे, हे सारे त्याने डोक्यात ठेवायचे. एक पत्र लिहायचे राहिले तर सारे काम थांबते.

१९९८च्या ‘परम १००००’मध्ये दोन्ही प्रकार एकत्र आले. त्यातील प्रत्येक नोड म्हणजे दोन प्रक्रियकांचा एक सर्व्हर होता. त्या दोघांची स्मृती सामाईक, आणि नोड-नोडांमध्ये संदेशांची देवाणघेवाण. घरात सामाईक आणि गावात पत्रव्यवहार, ही तडजोड पुढे जगभर रूढ झाली.

आता संदेश न लिहिता, यंत्राच्याच बळावर वाटलेली स्मृती सामाईक कशी करतात ते पाहू.

पहिली रीत : घर ठरलेले, नकलांची नोंदवही

पहिल्या रीतीत प्रत्येक पत्त्याचे घर ठरलेले असते. तो पत्ता ज्या नोडच्या स्मृतीत आहे ते त्याचे घर. माहिती लहान लहान खंडांत विभागलेली असते आणि प्रत्येक खंडापुढे नोंद असते की त्याची नक्कल सध्या कोणाकोणाजवळ आहे. या नोंदवहीला निर्देशिका म्हणतात. कोणाला खंडात बदल करायचा असेल तर तो आधी घराला कळवतो. घर नोंदवही पाहून नकला बाळगणाऱ्यांना ‘तुमची नक्कल रद्द’ असे सांगते आणि सर्वांची पोच मिळाल्यावर बदल पूर्ण झाला असे मानले जाते. आमच्या काकांच्या नकलेला अशी सूचना मिळाली असती तर भांडण झाले नसते.

सान्सिए आणि फोत्रिए यांनी १९७८ मध्ये निर्देशिकेची कल्पना मांडली होती. मोठ्या प्रमाणावर ती वापरून दाखवली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डॅश’ या यंत्राने, १९९०च्या सुमारास. जॉन हेनेसी आणि अनूप गुप्ता यांच्या मार्गदर्शनाखाली डॅनियल लेनोस्की, जेम्स लॉडन आदींनी ते उभारले. चार-चार प्रक्रियकांचे सोळा गट, अशी त्याची मांडणी. स्वतःच्या कॅशमधील माहिती एका ठोक्यात मिळे, आपल्याच गटातील स्मृतीतून आणायला सुमारे ३० ठोके लागत आणि दुसऱ्या गटातील घरातून आणायला सुमारे १००. ताजी प्रत तिसऱ्याच गटात असेल तर सुमारे १३०. स्मृती एकच दिसते, पण सारखी जवळ नसते. या विषम अंतरावरूनच या गटाला ‘नुमा’ असे लघुनाव मिळाले.

नोंदवहीलाही जागा लागते. तिचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. डॅशमध्ये खंड १६ बाइटांचा, म्हणजे १२८ बिटांचा. नोंदीसाठी प्रत्येक गटामागे एक बिट आणि ‘बदल झाला आहे’ हे सांगणारे एक, असे १७ बिट. १७ भागिले १२८ म्हणजे सुमारे १३ टक्के. हे परवडते. गट ६४ झाले तर ६५ बिट, म्हणजे निम्म्याहून अधिक. २५६ झाले तर २५७ बिट, म्हणजे मूळ माहितीच्या दुपटीहून जास्त. सातबाऱ्यापेक्षा नकलांचे रजिस्टर जाड होते.

खंड मोठा करणे हा पहिला उपाय. खंड १२८ बाइटांचा, म्हणजे १०२४ बिटांचा घेतला तर ६४ गटांचा खर्च सुमारे सहा टक्क्यांवर येतो. पण त्यातून दुसरा त्रास उद्भवतो. समजा दोन भावांची दोन वेगळी शेते एकाच पानावर नोंदलेली आहेत. एकाच्या शेताची नोंद बदलली की सबंध पान रद्द, दुसऱ्याला कारण नसताना पुन्हा नक्कल काढावी लागते. मग दुसरा बदल करतो आणि पहिल्याची नक्कल रद्द होते. प्रत्यक्षात सामाईक काहीच नसताना पान मात्र दोघांत फिरत राहते. याला मी ‘खोटी सामाईकी’ म्हणतो. खंड लहान केला तर नोंदवही फुगते, मोठा केला तर खोटी सामाईकी वाढते. यात दोन्हीकडून सुटका नाही, मध्य गाठावा लागतो.

दुसरा उपाय एमआयटीच्या ‘अलवाइफ’ यंत्रात दिसतो. अनंत अगरवाल यांच्या गटाचे हे काम. एखाद्या खंडाच्या नकला एकाच वेळी थोड्याच जणांजवळ असतात, असे त्यांना आढळले. म्हणून नोंदवहीत पाच नावांपुरतीच जागा ठेवली. सहावा आला तर यंत्र कार्यक्रमाला हाक मारते आणि जादा नावे तो साध्या स्मृतीत लिहून ठेवतो. नेहमीचे काम वेगाने, क्वचित येणारे काम सावकाश.

तिसरा उपाय १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘एससीआय’ या जोडणीत आहे. येथे घर फक्त शेवटी नक्कल नेणाऱ्याचे नाव ठेवते. तो आपल्या आधीच्याचे नाव ठेवतो, आधीचा त्याच्या आधीच्याचे. नकला बाळगणाऱ्यांची साखळी तयार होते आणि प्रत्येक दुव्याला मागचा-पुढचा ठाऊक असतो. नोड कितीही वाढले तरी घराकडील नोंद वाढत नाही. पण नक्कल रद्द करायची तर निरोप साखळीने एकेकाला द्यावा लागतो, सर्वांना एकाच वेळी देता येत नाही. सिक्वेंट आणि कॉन्व्हेक्स या कंपन्यांनी हा मार्ग आपल्या यंत्रांत वापरला.

दुसरी रीत : घर नसलेली माहिती

पहिल्या रीतीत एक उणीव राहते. एखाद्या माहितीवर काम सतत एकाच नोडमध्ये चालते, पण तिचे घर मात्र दूर. कॅश लहान असल्याने नक्कल वारंवार पुसली जाते आणि पुन्हा घरी धाव घ्यावी लागते. यावर दुसऱ्या रीतीचे म्हणणे असे की घर ठेवूच नका. प्रत्येक नोडची सारी स्मृती म्हणजे एक मोठी कॅश माना. ज्याला माहिती हवी त्याच्याकडे ती जाईल आणि तेथेच राहील. वाचणाऱ्याबरोबर गावोगाव जाणाऱ्या पोथीसारखे हे आहे. या गटाला ‘कोमा’ म्हणतात.

स्वीडनमधील ‘डेटा डिफ्यूजन मशीन’ आणि अमेरिकेतील केंडल स्क्वेअर रिसर्च कंपनीचे ‘केएसआर-१’ ही याची प्रसिद्ध उदाहरणे. केएसआर-१मध्ये प्रत्येक नोडजवळ ३२ मेगाबाइटांची स्मृती होती. ३२ प्रक्रियकांचे एक कडे आणि अशी ३४ कडी वरच्या एका कड्यात जोडून १०८८ प्रक्रियकांपर्यंत मजल नेण्याची त्यात सोय होती. माहिती हवी असली की मागणी कड्याभोवती फिरते. कड्यात सापडली नाही तर वरच्या कड्यात जाते.

लाभ असा की माहिती आपोआप वापरणाऱ्याजवळ येते, ती कुठे ठेवावी याचा विचार कार्यक्रम लिहिणाऱ्याला करावा लागत नाही. अडचणी दोन. पोथी कोणाकडे आहे हे कोणालाच नक्की माहीत नसल्याने शोधायला वेळ जातो. दुसरी अधिक गंभीर आहे. नोडमधील जागा भरली की जुनी नक्कल टाकून द्यायची असते, पण ती जगातली शेवटची प्रत असेल तर? घर ठरलेले असते तेव्हा मूळ तेथे सुरक्षित असते. येथे मूळ आणि नक्कल असा भेदच नाही. म्हणून टाकण्यापूर्वी ही शेवटची प्रत नाही ना, हे तपासून गरज पडल्यास तिच्यासाठी दुसरीकडे जागा शोधावी लागते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. केएसआरचा व्यवसाय १९९४ मध्ये कोलमडला, परंतु त्याला कंपनीच्या आर्थिक व्यवहारांचीही कारणे होती. तेवढ्यावरून या रीतीला दोष देणे बरोबर होणार नाही.

तिसरी रीत : प्रतिबिंब

तिसऱ्या रीतीत सामाईक भागाची प्रत संबंधित सर्व नोडांच्या स्मृतीत कायम ठेवलेली असते. वाचणारा नेहमी स्वतःजवळचीच प्रत वाचतो. कोणी काही लिहिले की तो बदल जाळ्यातून सर्वांकडे जातो आणि सर्वांच्या प्रती त्यानुसार बदलतात. पहिल्या रीतीत ‘तुमची नक्कल रद्द’ असा निरोप जातो, येथे शुद्धिपत्रच घरोघर पोहोचते. एन्कोर कंपनीची यंत्रे आणि डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे ‘मेमरी चॅनल’ ही याची उदाहरणे.

वाचन भरपूर आणि लेखन थोडे असेल तर ही रीत उत्तम. वाचणाऱ्याला किती वेळ लागेल हे आधीच सांगता येते, म्हणून विमानचालनाच्या सरावयंत्रांसारख्या ठिकाणी, जेथे ठरलेल्या क्षणी उत्तर मिळायलाच हवे, ती उपयोगी पडते. पण लेखन वाढले की कोणी वाचो न वाचो, प्रत्येक शुद्धिपत्र सर्वांना पाठवावे लागते आणि जाळे तुंबते.

तुलना

तिन्ही रीती एकत्र पाहिल्या की असे दिसते :

१. मूळ कुठे आहे? पहिल्या रीतीत ठरलेल्या घरी, दुसरीत जो वापरतो त्याच्याकडे, तिसरीत सर्वांकडे.

२. बदल झाला की काय होते? पहिल्या दोन रीतींत इतरांच्या नकला रद्द होतात, तिसरीत त्या दुरुस्त होतात.

३. खर्च कशावर होतो? पहिलीत नोंदवहीवर, दुसरीत शोधावर आणि शेवटची प्रत जपण्यावर, तिसरीत जाळ्यावर.

४. कुठे योग्य? माहितीची घरे विचारपूर्वक ठरवता येत असतील तर पहिली, काम एकीकडून दुसरीकडे सरकत असेल तर दुसरी, वाचन जास्त आणि लेखन कमी असेल तर तिसरी.

व्यवहारात पहिली रीत टिकली. सिलिकॉन ग्राफिक्सच्या १९९६च्या ‘ओरिजिन २०००’मध्ये तिचे व्यापारी रूप दिसले. लॉडन आणि लेनोस्की हे डॅशचेच अभियंते तेथे होते. आज दोन प्रक्रियकांचा साधा सर्व्हर घेतला तरी प्रत्येक प्रक्रियकाशेजारी त्याची स्मृती असते आणि पत्ते सलग असतात. जुन्या प्रयोगशाळेतली रचना आता कार्यालयाच्या कोपऱ्यातील यंत्रात येऊन बसली आहे.

एकवाक्यता आणि क्रमसंगती

येथे परिभाषेचा एक मुद्दा येतो. इंग्रजीत ‘कोहिरन्स’ आणि ‘कन्सिस्टन्सी’ असे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत दोन्हींसाठी ‘सुसंगती’ वापरले जाते आणि विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो.

कोहिरन्सचा संबंध एकाच पत्त्याशी आहे. त्या पत्त्यावर काय आहे, याबद्दल सर्व प्रक्रियकांचे मत एक असावे. त्यासाठी ‘एकवाक्यता’ हा मीमांसेतून आलेला आणि बोलण्यातही रुळलेला शब्द मला योग्य वाटतो.

कन्सिस्टन्सीचा संबंध वेगवेगळ्या पत्त्यांवरील बदलांच्या क्रमाशी आहे. समजा संपादकाने दुरुस्त लेख पार्सलने पाठवला आणि नंतर ‘लेख पाठवला आहे, छापा’ असे कार्ड टाकले. कार्ड आधी पोहोचले, पार्सल वाटेत राहिले, आणि छापखान्याने हाताशी असलेली जुनी प्रत छापली. पार्सलमध्ये चूक नव्हती, कार्डातही नव्हती, चुकला तो क्रम. म्हणून येथे ‘क्रमसंगती’ म्हणावे. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये याची काटेकोर व्याख्या केली. सर्वांची सारी कामे जणू एकाच रांगेत झाली आणि त्या रांगेत प्रत्येकाचा स्वतःचा क्रम मोडला नाही, असा परिणाम दिसला पाहिजे. ही अट पूर्ण पाळली तर यंत्र मंदावते. डॅशच्या गटाने ती सैल केली. मधल्या कामांचा क्रम बदलला तरी चालेल, पण कुलूप उघडून दुसऱ्याला आत घेण्यापूर्वी आधीची सारी लेखने पूर्ण झालेली असावीत. एकेरी लोहमार्गावर टोकन हातात असल्याशिवाय गाडी पुढे सोडत नसत आणि मार्ग मोकळा झाल्याशिवाय टोकन दुसऱ्याला मिळत नसे. गोंदिया-जबलपूर मार्गावरच्या आमच्या भागातील जुन्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही.

शब्द कुठून घ्यावेत

सी-डॅकने एकीकडे परम बांधला आणि दुसरीकडे ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या. लिपी आली, ती टिकली. त्या लिपीत लिहायचे शास्त्रीय गद्य मात्र आपण पुरेसे लिहिलेले नाही. ‘वितरित सामायिक स्मृती’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो एकटा उभा राहू शकत नाही. त्याच्या शेजारी खाते आणि वहिवाट, मूळ आणि नक्कल, सामाईक आणि वाटणी हे शब्द असतील तरच तो समजतो. हे शब्द शेतकऱ्याच्या, पटवाऱ्याच्या आणि पोथी उतरवणाऱ्याच्या व्यवहारातून आले आहेत. अनेकांनी एकच गोष्ट वापरायची तर काय काय बिघडते, याचा मोठा अनुभव त्यांत साठला आहे.

माझ्या सूचना थोड्या आहेत. प्रक्रियक, निर्देशिका, एकवाक्यता, क्रमसंगती हे शब्द घडवून वापरावेत. नोड आणि कॅश तसेच ठेवावेत, मात्र कॅशचा पहिला उल्लेख करताना ‘हाताशी ठेवलेली नक्कल’ असा खुलासा करावा. ‘सामायिक’ऐवजी ‘सामाईक’ हे व्यवहारातले रूप घ्यावे.

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी उत्तर दिले, “वाटणी जागेची झाली, पत्त्याची नाही. आणि पत्ता सामाईक ठेवायचा तर नकलांचा हिशेब कोणीतरी ठेवावा लागतो.” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे आमच्या घरी हिशेब ठेवायला कोणी नव्हते.” त्याच्या घरात काय झाले होते ते मी विचारले नाही. धडा मात्र त्याला समजला होता, आणि तो आपल्याच भाषेत समजला होता.

स्वाध्याय

१. खंड ६४ बाइटांचा आणि गट ३२ असतील तर पूर्ण निर्देशिकेचा खर्च मूळ माहितीच्या किती टक्के होईल?

२. घर नसलेल्या रीतीत शेवटची प्रत ओळखणे का आवश्यक आहे? हस्तलिखितांच्या एका उदाहरणाने स्पष्ट करा.

३. एकवाक्यता असूनही क्रमसंगती नाही, असा एक प्रसंग आपल्या परिसरातील व्यवहारातून लिहा.

४. परम ८०००मधील संदेशपद्धती आणि डॅशमधील निर्देशिका यांत कार्यक्रम लिहिणाऱ्यावर पडणाऱ्या भाराची तुलना करा.